शिलाईचा दर कापडाच्या वजनावर लावतात का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

वय २७, राहणार घणसोली. आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड केला आहे. सहा वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, टाक्या आणि प्रेशर व्हेसलच्या (दाबाखाली चालणाऱ्या बंद टाक्यांच्या) कामावर. पीएफ, ईएसआयसी कापून हातात १८,५०० येतात. दीड वर्षापासून संध्याकाळी आणि रविवारी बिल्डिंगच्या गच्चीत खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर, जिन्याचे कठडे अशी बाहेरची कामं करतो. लाइट घरच्या मीटरवरून, वेल्डिंगचे रॉड बहुतेक कंपनीत उरलेले. मावसभाऊ मदतीला येतो. गेल्या महिन्यात ऐरोलीत पाच बाय चारच्या चार जाळ्या केल्या. किलोला १२० प्रमाणे १०,३२० चं बिल झालं, त्यातले २,३२० यायचे आहेत. लोखंडाचे ५,८५० वजा जाता साडेचार हजार सुटले. आता मेहुणा तीन लाख घालायला तयार आहे. रबाळ्यातच ४०० फुटांचा गाळा बघितला आहे, भाडं २२,०००. वडील माथाडी कामगार होते, ते म्हणतात लागलेली नोकरी सोडायची नाही. बायको घरी शिवणकाम करते, ती काहीच बोलत नाही. शिवाय एक एजंट सव्वा लाखात आखातात पाठवतो म्हणतोय. हातात कला असताना दुसऱ्याची चाकरी किती दिवस करायची? नोकरी सोडू का?

ता. क. कधी कधी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बायको बटाट्याच्या चकत्या ठेवते. आणि काही रविवारी काम करून आलो की रात्री अंगात कणकण येते. उपाय सांगा.

उत्तर:

तुला अहो-जाहो करत नाही. वागळे इस्टेटमध्ये माझा गाळा होता तेव्हा तुझ्याहून लहान पोरं माझ्याकडे वेल्डिंगचे टाके मारायला शिकली, ती सवय अजून जात नाही.

पत्र दोनदा वाचलं. तू विचारतोस नोकरी की धंदा. दुसऱ्यांदा वाचताना मी धंदा शोधत होतो, तो मला सापडला नाही. चार खिडक्या सापडल्या. म्हणून आधी त्याच घेऊ.

पाच बाय चार म्हणजे साधारण दीड मीटर बाय एक मीटर वीस. चौकटीला आणि मधल्या दोन आडव्यांना २५ बाय ५ एमएमची पट्टी, उभ्या दहा एमएमच्या चौरस सळ्या चार-चार इंचांवर. हेच केलं असशील, सगळे हेच करतात. पट्टीची रुंदी गुणिले जाडी गुणिले ०.००७८५ केलं की मीटरचं वजन मिळतं, ९८० ग्रॅम. आठ मीटर चाळीस पट्टी लागते, म्हणजे सव्वाआठ किलो. चौरस सळई मीटरला ७८५ ग्रॅम, चौदा नग, सव्वातेरा किलो. एक जाळी साडेएकवीसच्या आसपास, चार जाळ्या ८६ किलो. १२० ने गुणलं की तुझे १०,३२० बरोबर येतात. माप आणि वजन तुला कळतं, हे पोरांना शिकवायला मला वर्ष लागायचं. (गोल सळई असेल तर व्यासाचा वर्ग भागिले १६२. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यासमोर उभं असताना हे तोंडपाठ पाहिजे.)

तुकडे पडतात म्हणून माल ९० किलो आणलास, तेही बरोबर. ५,८५० वजा केलेस आणि तिथे थांबलास. पुढचं मी लिहितो. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुझ्या वहीत वेगळे असतील. वही असेल तर.

रॉड, कटिंग व्हील, ग्राइंडिंग व्हील ५००. रेड ऑक्साइड, ऑइल पेंट, थिनर, ब्रश ८००. कळंबोलीहून घणसोलीला आणि घणसोलीहून ऐरोलीला टेम्पो, दोन्ही मिळून १,५००. भिंतीत ठोकायचे अँकर फास्टनर आणि तुटलेला ड्रिल बिट ३००. झाले ३,१००. तुझ्या ४,४७० मधले उरले १,३७०. मावसभावाला दोन रविवारचे सातशे-सातशे द्यायचे असं धर. आज तो भाऊ म्हणून येतो, उद्या त्याचं लग्न ठरलं की येणार नाही आणि नाक्यावरचा हेल्पर फुकट येत नाही. १,४०० गेले. आता तीस रुपये तुझ्याच खिशातून गेलेत. वर ऐरोलीवाल्याचे २,३२० अजून यायचे आहेतच.

आणि या हिशेबात तू कुठेच नाहीस. माप घ्यायला एक संध्याकाळ, माल आणायला अर्धा दिवस, गच्चीत चार संध्याकाळी, मग दोन रविवार. तीस-पस्तीस तास उभं राहून, वाकून, धूर खाऊन तू ऐरोलीच्या एका कुटुंबाला जाळ्या जवळजवळ भेट दिल्यास.

मग साडेचार हजार सुटल्यासारखे का वाटले? कारण टेम्पोचे पैसे पगारातून दिलेस, रंग आधीच्या कामातला उरलेला होता आणि रॉड कंपनीतले. या रॉडबद्दल इथेच बोलतो. 'फेकायचेच होते' हे गेटवरच्या सिक्युरिटीला सांगून पटत नाही. एकदा बॅगेत सापडले की सहा वर्षांची नोकरी एका मिनिटात जाते, आणि ज्या सुपरवायझरकडून तुला पुढे शिकायचं आहे तो तुझ्याशी बोलणं सोडतो. त्यात ते ७०१८, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून कोरडे ठेवायचे रॉड. गच्चीत आठवडाभर दमट हवेत पडले की त्यांची किंमत संपली, वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. जाळीला साधे ६०१३ भरपूर झाले. स्वतःचं पाकीट विकत घे आणि हिशेबात लिही.

आता दराचं बघू. किलोवर दर ही आपल्या धंद्यातली जुनी खोड आहे. मोठ्या शेडच्या कामाला ती चालते, कारण तिथे टनावारी माल आणि एकसारखे सांधे असतात. खिडकीच्या जाळीत वजन कमी आणि हाताचं काम जास्त. तुझी बायको शिवणकाम करते ना? एखादी बाई ब्लाउजपीस घेऊन आली तर ती कापडाचं वजन करून शिलाई सांगते का? साधा ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज, गळ्याला पायपिंग, प्रत्येकाचा दर वेगळा. कापड गिऱ्हाइकाचं, मजुरी तिची. तू 'ती काहीच बोलत नाही' असं लिहिलंयस. तिला विचारलंस का, हा माझा प्रश्न आहे. नोकरी सोडू का, हे तिला विचारूच नकोस. चार खिडक्यांचा कागद तिच्यापुढे ठेव आणि 'यात मजुरी किती धरायची' एवढंच विचार. घरात दर लावायचा अनुभव कुणाला असेल तर तिला आहे.

पुढच्या जाळीचा दर असा काढ: माल अधिक टेम्पो अधिक रंग-रॉड अधिक हेल्पर अधिक तुझे तास. तासाला काय धरायचं ते तू ठरव, पण कंपनीत तासाला जे पडतं त्याच्या दीडपट तरी धर, कारण हे तास तू झोपेतून आणि पोराबाळांतून काढतोस. एवढं केलंस की दर १२० वर राहणार नाही, आणि निम्मी गिऱ्हाइकं म्हणतील, 'समोरचा तर १२० त देतो.' जाऊ दे त्यांना समोरच्याकडे. त्यालाही अजून हिशेब जमलेला नाही.

आता गाळा. समज दर १५० केलास आणि कामं मिळाली. हेल्परसकट खर्च किलोला १२० च्या आसपास पडतो हे वर निघालंच, म्हणजे सुटतात तीस. भाडं २२,०००, लाइट आणि किरकोळ ४,०००, आणि आजचा पगार १८,५०० तेवढा तरी घरी न्यायचा. ४४,५०० भागिले तीस, जवळजवळ दीड टन काम. महिन्याला सत्तर खिडक्या, दर महिन्याला, पावसाळ्यातसुद्धा. दीड वर्षात तू एकूण किती केल्यास? पूर्ण वेळ केल्यावर माल थोडा स्वस्त पडेल, हात वेगात चालेल, हे मला मान्य आहे. तरी सत्तरच्या जागी पन्नास होतील, पंधरा होणार नाहीत. मेहुण्याचे तीन लाख या खड्ड्यात किती महिने पुरतील ते तूच मोज. अनामत त्यातूनच जायची आहे. आणि पैसे बुडाले तर बँकेसारखी नोटीस येत नाही, दर राखीपौर्णिमेला समोरासमोर बसावं लागतं.

तेव्हा गाळा नको, निदान आत्ता नको. पण गच्चीही नको. ३.१५ एमएमचा रॉड शंभर अँपिअरवर चालतो तेव्हा इन्व्हर्टर मशीन तीन किलोवॅटच्या आसपास ओढतं. बिल्डिंगची जुनी वायर तेवढ्यासाठी टाकलेली नसते. शिवाय घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि ठरला तर आकारणी दुप्पट दराने होते. एखाद्या शेजाऱ्याशी वाजलं की तक्रार जायला वेळ लागत नाही. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत असे किती तरी छोटे गाळे आहेत जे संध्याकाळी सातला बंद होतात. तिथल्या एखाद्या मालकाशी बोल. आठवड्यात तीन संध्याकाळी आणि रविवार, बाकडं, थ्री-फेज लाइन आणि एक कोपरा, महिन्याला ठरवून. मी स्वतः दोघांना असा कोपरा दिला होता. एकाने पुढे स्वतःचा गाळा घेतला, दुसरा माझा कटर घेऊन गेला. दोन्ही धरून चाल.

आता नोकरीकडे येतो. पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू न लिहिलेली आहे. सहा वर्षं व्हेसलवर काम करतोस आणि तुझं क्वालिफिकेशन काय, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे एक तर टेस्ट दिलेली नाही, किंवा फिटरच्या हाताखाली टाके आणि फिलेट (कोपऱ्यातले साधे सांधे) एवढंच मारतोस. व्हेसल बनवणाऱ्या कारखान्यात डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं याची लेखी पद्धत) असतो, वेल्डरच्या टेस्ट होतात, एक्स-रे होतात. हे शिक्षण बाहेर पैसे मोजूनही धड मिळत नाही आणि तू त्याच्या शेजारी उभा राहून रोज घरी येतोस. याला तू चाकरी म्हणतोस. मी याला शिक्षणाचा खर्च मालकाने भरणं म्हणेन, फक्त तू वर्गात बसलेला नाहीस.

सिक्स-जी ही टेस्ट ऐकून असशीलच. पाइप ४५ अंशांत घट्ट बांधलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. रूट, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, आर्गॉनने, वरचे थर ७०१८ ने, मग एक्स-रे किंवा तुकडा वाकवून बघायची बेंड टेस्ट. यात पास झाला की पाइपच्या बाकीच्या पोझिशनही त्यातच येतात. हे जमणारा माणूस आणि जाळी बनवणारा माणूस यांच्या दिवसाच्या दरात किती फरक आहे हे तुमच्याच कारखान्यात शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) बाहेरून येणाऱ्या पाइप वेल्डरला विचार. तळोजा, पाताळगंगा, टीटीसी, सगळीकडे शटडाऊन निघतात, आठ-दहा दिवसांची कामं असतात, आणि आर्गॉनचा रूट स्वच्छ घालणारे हात मोजकेच असतात. तुझा जोडधंदा माझ्या मते इथे आहे. गाळा नको, भाडं नको, सत्तर खिडक्या नकोत, हेल्मेट आणि हात घेऊन जायचं. रजा कशी काढायची आणि नेमणूक-पत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय, हे मात्र आधी वाच. ठेकेदाराने पत्रच दिलं नसेल तर ते मागायचं निमित्तही झालं.

याच शब्दावर गल्लोगल्ली क्लासेस चालतात, म्हणून सावध करतो. महिन्याभरात सिक्स-जीचं सर्टिफिकेट देतो म्हणून चाळीस-पन्नास हजार मागतात. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या वेल्डिंगच्या नियमांप्रमाणे (सेक्शन नाइन) प्रत्येक कंपनी आपल्या वेल्डरची टेस्ट आपण घेते. दुसरीकडचा कागद दाखवलास तरी नवीन ठिकाणी पाइपचा तुकडा पुढे ठेवतातच. त्या पद्धतीचं वेल्डिंग सलग सहा महिने केलं नाही तर क्वालिफिकेशन आपोआप संपतं. वाफेच्या पाइपांना आणि बॉयलरला तर बाष्पके संचालनालयाकडची आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) टेस्ट वेगळीच. म्हणून क्लास लावायचाच असेल तर तिथे रोज किती तास टॉर्च हातात मिळते आणि आर्गॉनचा सिलिंडर भरलेला असतो का, ते बघ. भिंतीवरच्या फ्रेम बघू नकोस. त्याहून सोपं म्हणजे सुपरवायझरला सांग की सुटीनंतर अर्धा तास थांबतो, स्क्रॅपच्या तुकड्यांवर रूट मारू द्या. दहातले सात सुपरवायझर हो म्हणतात. बाकीच्या तिघांना चहा लागतो.

आखाताचं दोन ओळींत. कायद्याने नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर जीएसटी घेता येतो. सव्वा लाख मागणाऱ्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते बघ, नसेल तर फोन उचलू नकोस. जायचंच असेल तर सिक्स-जी होऊन जा. तिथे टेस्ट घेऊनच पगार ठरतो.

घरगुती कामं पूर्ण सोड असं मी म्हणत नाही. फक्त निवडून घे. नव्या जाळ्यांत चढाओढ भयंकर आहे. दुरुस्तीत कोणी उतरत नाही, कारण काम छोटं, कटकट मोठी. घणसोली-कोपरखैरणेच्या जुन्या सोसायट्यांमध्ये फिरून बघ: गेटची बिजागरी झिजलेली, पाण्याच्या टाकीची शिडी खालून गंजलेली, गच्चीच्या शेडचे जे-बोल्ट सैल. सेक्रेटरी महिनोन्‌महिने माणूस शोधत असतो. मे महिन्यात पावसाच्या आधी सगळं लोखंड एकदा तपासून देतो, असं एका पानावर लिहून दे. त्यात वजन नाही, माणूस आणि वेळ आहे, त्यामुळे दर तुझा. पैसे चेकने येतात, उशिरा येतात पण येतात. कामाआधी निम्मे, लागल्या दिवशी उरलेले, आणि हे कोटेशनवर लिहिलेलं. सोसायटीच्या बाबतीत कमिटीच्या ठरावाची झेरॉक्स माग. मी एकदा सेक्रेटरीच्या शब्दावर कंपाउंडचं काम केलं, वार्षिक सभेत कमिटी बदलली, नवीन कमिटी म्हणाली आम्ही सांगितलंच नव्हतं. ते पैसे अजून यायचे आहेत आणि तो सेक्रेटरी गावी गेला.

स्टेनलेस स्टीलची रेलिंगही आता खूप निघतात. खाडीची हवा आहे, इथे २०२ ग्रेडचं पाइप लावलं की दोन पावसाळ्यांत चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके पडतात. गिऱ्हाईक चुंबक लावून बघतं आणि खूश होतं, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही आणि त्याहून चांगल्या ३०४ लाही. दोन्हींतला फरक मँगनीजच्या टेस्टिंग केमिकलने दिसतो, एक थेंब आणि छोटी बॅटरी. ती बाटली खिशात ठेव, गिऱ्हाइकासमोर टाक, मग दर सांग. ३०४ ला ३०८एल ची फिलर (सांध्यात भरायची तार), आणि स्टील साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९एल. हे न पाळणारे पुष्कळ आहेत, त्यांचीच दुरुस्ती तुला मिळणार आहे.

कागदपत्रांचं उगाच दडपण घेऊ नकोस. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट होते. त्याचे हजार-दीड हजार घेणारा दलाल बिनकामाचा. ती असली की कारखान्याचं जॉबवर्क केल्यावर ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायचा तुला कायद्याने हक्क येतो. भांडायला लगेच जाऊ नकोस, पण बिलाखाली उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंटवाला फाइल वर ठेवतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत राज्यातल्या कामाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाही नाही. विश्वकर्मा योजनेबद्दल कोणी सांगितलं असेल तर त्या १८ कामांत लोहार आहे, वेल्डर नाही. बँकेच्या कर्जाचा विचार वर्षभराची वही हातात आल्यावर कर. मॅनेजरलाही तीच बघायची असते.

एक काम मात्र कितीही पैसे देऊ केले तरी घ्यायचं नाही. ज्याच्याखाली किंवा ज्याच्यावर माणसं उभी राहणार आणि ज्याचं डिझाइन इंजिनिअरने दिलेलं नाही, ते. पोटमाळा, बाहेर काढलेली बाल्कनी, होर्डिंग. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. एवढं मोठं तुझ्याकडे येणार नाही, पण छोट्यातही तेच असतं. ठाण्यातल्या एका सोसायटीला मी बारा फुटी सरकता गेट लावला होता. रात्रीचे साडेनऊ झाले, ट्रॅकच्या टोकाचा स्टॉपर राहिला होता. पोरं दमलेली, मी म्हटलं सकाळी मारू. पहाटे दूधवाल्याच्या टेम्पोसाठी वॉचमनने गेट जोरात ओढला, तो ट्रॅक सोडून पुढे गेला आणि आडवा झाला. अडीचशे किलोचा असेल. एका स्कूटरचा चुरा झाला, वॉचमन एका पावलाने वाचला. चूक माझी, स्कूटरचे पैसे मी भरले. त्यानंतर आमच्याकडे गेट उभा करायच्या आधी स्टॉपर लागायचा. कंपनीत नऊ तास काढून रात्री अकराला गच्चीत उभा राहतोस ना, तेव्हा असेच स्टॉपर राहतात.

बाबांचं. त्यांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. माथाडी बोर्डाच्या कायद्याने त्यांना फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, नावावर घर झालं. त्या माणसाला 'नोकरी' या शब्दाचा अर्थ तुझ्याहून जास्त ठाऊक आहे. ते चुकतात एवढंच की ठेकेदाराची नोकरी आणि बोर्डाची हजेरी ते एकच समजतात. ठेकेदार बदलला की तू नवा माणूस. तेव्हा आज रात्री यूएएन (तुझा पीएफचा नंबर) टाकून पीएफचं पासबुक उघड आणि सहा वर्षांचे पैसे खरंच भरलेत का ते त्यांच्या शेजारी बसून बघ. भरलेले असतील तर त्यांचा मुद्दा पक्का. नसतील तर तुमच्या दोघांचं बोलणं वेगळ्याच दिशेला जाईल आणि ते तुझ्या बाजूने असतील.

सोडायची वेळ कधी? माझं गणित सांगतो, तू बदल. टेस्ट पास झालेली. सलग सहा महिने वहीत, स्वतःची मजुरी धरल्यावर, बाहेरच्या कामातून पगाराच्या निम्म्याहून जास्त. तीन तरी गिऱ्हाइकं अशी की जी दुसऱ्यांदा स्वतःहून फोन करून आली. आणि घरात चार महिन्यांचा खर्च बाजूला. यातलं एकही नसताना नोकरी सोडलीस तर तू धंदा सुरू केला नाहीस, फक्त ठेकेदार बदललास, आणि नवा ठेकेदार गिऱ्हाईक आहे. मेहुण्याला सांग, पैसे बँकेत ठेव, वर्षाने विचारतो. खरंच मनापासून देत असेल तर थांबेल.

आता ता. क. कणकण आधी. तू लिहिलंस 'काही रविवारी'. आठवून बघ, त्या दिवशी जीआय पाइप होतं का? गॅल्वनाइझच्या थरातलं जस्त जळून पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप जातो. म्हणून लोक तो थकवा समजतात. दूध-गूळ खाऊन त्यावर काही होत नाही. सांध्याजवळचा थर आधी ग्राइंडरने काढ, वारा पाठीवरून घे म्हणजे धूर तोंडावर येणार नाही, धुराचा मास्क वापर, रुमाल नाही. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. तुझ्यापुढे अजून तीस वर्षं काम आहे.

डोळ्यांचं. टाका मारताना काच वर करून डोळे मिटतोस, हो ना? सगळे करतात. मिटायच्या आधीच किरण आत गेलेले असतात आणि आग सहा-आठ तासांनी सुरू होते, म्हणून ती नेहमी रात्रीच येते. शंभर अँपिअरला दहा नंबरची काळी काच, आणि एक काच मावसभावालाही. तो पट्टी धरून उघड्या डोळ्यांनी उभा असतो हे मी न बघता सांगतो. बटाट्याच्या चकत्यांनी गार वाटतं एवढंच, आणि कापलेला बटाटा सुजलेल्या डोळ्यावर ठेवण्यापेक्षा स्वच्छ ओला रुमाल बरा. अंधारात पड, चोळू नकोस, दिवस-दोन दिवसांत उतरतं. मेडिकलवाला डोळे सुन्न करणारे थेंब देतो, लगेच बरं वाटतं, म्हणूनच ते घ्यायचे नाहीत. आतली जखम तशीच राहते आणि तू दुसऱ्या दिवशी कामावर जातोस. आणि आग दोन्हींऐवजी एकाच डोळ्यात असेल, ग्राइंडिंगनंतर खुपत असेल, तर तो लोखंडाचा कण असू शकतो. त्या रात्री घरी काहीच करायचं नाही, सरळ डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. ईएसआयसीचं कार्ड बरोबर ने.